प्रत्येकीनंतर

वाशीम जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी बसस्थानकाकडून बाजारपेठेकडे चालू लागले, की कृषिसेवा केंद्रे, मोबाइलची दुकाने आणि झेरॉक्सच्या टपऱ्या यांच्यामधून एखादी अरुंद पाटी डोकावते. ‘लेडीज ब्युटी पार्लर’, त्याखाली ‘फक्त महिलांसाठी’, आणि बहुधा एका नटलेल्या नवरीचे चित्र. साहित्याच्या अभ्यासकाने या पाटीपाशी थबकावे असे एक जुने कारण आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने दहाव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाची कथा येते. रुसून निघून गेलेल्या काव्यपुरुषाला वळवून आणण्यासाठी गौरी साहित्यविद्यावधू निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते. प्रत्येक देशात तिचा वेष निराळा, विलास निराळा, बोलण्याची ढब निराळी. आणि त्या त्या देशातील स्त्रिया तिचा वेष उचलतात. वेषाच्या रचनेला राजशेखर प्रवृत्ती म्हणतो, विलासाच्या रचनेला वृत्ती आणि वचनाच्या रचनेला रीती. पूर्वेकडे काव्यपुरुष तिला वश होत नाही. दक्षिणेत मात्र तो पुरता विरघळतो आणि दोघांचा गांधर्वविवाह लागतो तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात. याच राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’च्या आरंभी रीतींची नावे घेताना वैदर्भीला ‘वच्छोमी’ म्हटले आहे. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची.

ज्या नगराने एका शैलीला आपले नाव दिले, त्याच्या कथेत केस कसे वळवले आणि कपाळावर बटा कशा सोडल्या, या गोष्टी वचनाच्या बरोबरीने शास्त्रात बसल्या, ही मला नेहमीच विलक्षण वाटत आलेली बाब आहे. वर्गात हा भाग शिकवताना एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. साहित्यविद्यावधूचे केस कोणी बांधले? राजशेखराच्या कथेत वेष आहे; वेष करणारीचे हात नाहीत. ते हात पाहायचे तर महाभारताच्या विराटपर्वाकडे जावे लागते. तेथे द्रौपदी सैरंध्री होऊन, म्हणजे वेणीफणी व प्रसाधन करणारी होऊन, राणी सुदेष्णेच्या सेवेत राहते आणि राहण्यापूर्वी अटी घालते. मला उष्टे देऊ नये, मला कोणाचे पाय धुवायला लावू नयेत. दुसऱ्याचे केस हाती घेणारी स्त्री आपल्या स्पर्शाची सीमा स्वतः आखते आहे. प्रसाधन, स्पर्श आणि विटाळ या तीन गोष्टी आपल्याकडे किती जुन्या काळापासून एकमेकींत गुंतलेल्या आहेत हे त्यावरून ध्यानात यावे.

या गुंत्याचा एक ताजा धागा मला २०२० च्या जूनमध्ये पाहायला मिळाला. माझी एक जुनी विद्यार्थिनी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पार्लर चालवते. बी.ए.ला तिने मराठी घेतले होते. पुढे अकोल्याला सहा महिन्यांचा कोर्स केला आणि भाड्याच्या एका खोलीत व्यवसाय मांडला. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि खोलीला कुलूप पडले. २६ एप्रिलची अक्षय्य तृतीया गेली, मे महिन्याचे मुहूर्त गेले. गावाकडच्या पार्लरचे वर्ष लग्नसराईवर चालते. दोन महिन्यांत नवऱ्यांचा जो मेकअप होतो त्यावर उरलेले दहा महिने भाडे निघते. ते सगळे बुडाले होते. त्यानंतर राज्य शासनाचा आदेश आला. २८ जूनपासून केशकर्तनालये आणि ब्युटी पार्लर उघडता येणार होती. केस कापणे, केस रंगवणे, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढीच कामे करायची. त्वचेशी संबंधित सेवा बंद. काम करणाऱ्यांना हातमोजे, ॲप्रन आणि मास्क सक्तीचे. खुर्ची व साहित्य प्रत्येक सेवेनंतर निर्जंतुक करायचे, फरशी दर दोन तासांनी. टॉवेल-नॅपकीन एकदा वापरून टाकून देण्याजोगे. आणि ही सर्व खबरदारी ग्राहकांना दिसेल अशी लिहून लावायची. पाहणीसाठी माणसे येणार, नियम न पाळणारे दुकान पुन्हा बंद होणार, असे गावात सर्वांना ठाऊक झाले होते. तिने मला फोन केला तो त्या लिहायच्या पाटीसाठी. “मॅडम, तुम्ही मराठीच्या. चार ओळी लिहून द्या ना.”

चार ओळी लिहिण्यापूर्वी मी तिचे काम पाहायला गेले, आणि तेथे जे पाहिले ते मला अनेक चर्चासत्रांपेक्षा अधिक शिकवून गेले. खोलीतील सगळे सामान तिने मागच्या अंगणात काढले होते आणि त्याचे तीन ढीग केले होते. धुऊन पुन्हा वापरायचे, एकदा वापरून टाकायचे आणि आजच टाकून द्यायचे. पहिल्या ढिगात कात्र्या, फण्या, भुवयांचे चिमटे, ब्लॅकहेड काढण्याच्या सळ्या, वॅक्स पसरण्याची स्टीलची सुरी. दुसऱ्यात कागदी नॅपकीन, लाकडी पट्ट्या, ब्लेड. तिसरा ढीग सर्वांत मोठा होता. त्यात मुदत संपलेले ब्लीचचे डबे होते, दात पडलेल्या फण्या होत्या, आणि जुन्या जीन्सच्या कापडाच्या, वॅक्ससाठी धुऊन धुऊन वापरलेल्या पट्ट्यांचा एक गठ्ठा होता. गावोगावच्या पार्लरांमध्ये या पट्ट्या सर्रास असतात. कापड जाड असते, केस चांगले निघतात आणि पैसे वाचतात. तो गठ्ठा तिने सर्वांत शेवटी टाकला.

नंतर धुण्याला सुरुवात झाली, आणि तिचा क्रम ठरलेला होता. आधी साबणाचे पाणी आणि घासणी, मगच औषध. केस, तेल आणि मेण यांचा थर हत्यारावर राहिला तर त्याखाली जंतू सुखरूप राहतात. न धुतलेल्या वस्तूवर जंतुनाशक ओतणे म्हणजे मळक्या कपड्याला अत्तर लावणे. फण्या आणि प्लास्टिकच्या वस्तू ब्लीचिंगच्या सौम्य पाण्यात. पोलादाला ते पाणी चालत नाही, गंज चढतो, म्हणून कात्र्यांना अल्कोहोल. तेही सत्तर टक्क्यांचे. पूर्ण शुद्ध अल्कोहोलपेक्षा पाणी मिसळलेले अल्कोहोल जंतूंवर अधिक परिणाम करते, कारण जंतूंमधील प्रथिनांची घडण मोडायला पाणीही लागते. शुद्धापेक्षा मिश्र गुणकारी ठरावे, ही रसायनशास्त्रातील साधी गोष्ट आमच्या समाजाच्या कानावर पडायला हवी होती असे मला तेव्हा वाटून गेले. रक्त लागण्याचा संभव असलेल्या चिमट्यांसाठी आणि सळ्यांसाठी तिने एक जुना कुकर वेगळा काढला होता. रुग्णालयातील ऑटोक्लेव्ह १२१ अंश तापमानाच्या दाबाखालील वाफेवर चालते. पूर्ण दाबावर आलेला घरचा कुकरही त्याच्या जवळपास पोहोचतो. बाजारात मिळणारी निळ्या दिव्याची पेटी तिच्याकडे होती, पण तिच्यावर तिचा भरवसा नव्हता. दिव्याचा प्रकाश जिथे पडतो तेवढेच तो दिवा करतो; चिमट्याच्या मिटलेल्या टोकांत प्रकाश शिरत नाही.

आज मागे वळून पाहताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. कोरोनाचा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, पृष्ठभागांवरून त्याचा संसर्ग त्या मानाने फार कमी, हे पुढे निश्चित झाले. खोलीची उघडी खिडकी आणि तोंडावरचा मास्क यांनी त्याला जेवढे अडवले तेवढे फरशी पुसण्याने अडवले नसेल. परंतु अंगणातील ते धुणे त्यामुळे व्यर्थ ठरत नाही. कावीळ-ब चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो; डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंश चिमट्यावर असला तरी तो पुरतो. गजकर्ण आणि उवा तर फणीवरून सहज पुढच्या डोक्यात जातात. एका साथीच्या निमित्ताने तिने दुसऱ्या, जुन्या धोक्यांची वाट बंद केली. थ्रेडिंगचेच पाहा. भुवया कोरताना दोऱ्याचे एक टोक दातांत धरण्याची पद्धत सर्वत्र होती. म्हणजे पार्लरवालीच्या तोंडातील दोरा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपाशी येई. ती दोऱ्याचे टोक गळ्याभोवती अडकवून काम करायला शिकली. वीस वर्षांची हाताची सवय मोडायला तिला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत तिने धाकट्या बहिणीच्या आणि जावेच्या भुवयांवर सराव केला.

आता पाटी. शासकीय आदेशाची मराठी समोर होती. ‘निर्जंतुकीकरण’, ‘सेवा प्रदान केल्यानंतर’, ‘दर्शनी भागात प्रदर्शित करणे बंधनकारक’. मी त्यातून एक सुबक मसुदा केला. तिने तो वाचला आणि मान हलवली. “हे लिवलं त कोनी वाचनच नाही, मॅडम. बायांना कयलं पाह्यजे.” मग आम्ही दोघींनी बसून ओळी केल्या. प्रत्येकीनंतर कात्री, फणी, चिमटा धुऊन घेतला जातो. एकीचा टॉवेल दुसरीला नाही. चेहऱ्याची कामे सध्या बंद आहेत. मास्क काढू नये. ‘प्रत्येक ग्राहकानंतर’ असे माझ्या मसुद्यात होते. ‘प्रत्येकीनंतर’ हा शब्द तिचा. ग्राहक हा शब्द दूरचा आहे, त्यात माणूस दिसत नाही. ‘प्रत्येकी’त खुर्चीवर बसलेली बाई दिसते, आणि तिच्या आधी बसलेली दुसरीही दिसते. व्याकरणाच्या तासाला आपण सर्वनामे शिकवतो ती कोष्टकात. एका सर्वनामाला व्यवहारात किती वजन येऊ शकते हे त्या दुपारी उमगले.

ते वजन काय होते हे दोनच दिवसांनी कळले. तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी गावातील एका वजनदार घरच्या बाईंनी निरोप पाठवला. त्या येणार होत्या, पण त्यांना एक खात्री हवी होती. त्या पार्लरमध्ये तांड्यावरच्या आणि गावाच्या खालच्या अंगाच्या वस्तीतील मुलीही येतात. त्यांच्यासाठी फण्या-चिमट्यांचा एक वेगळा संच ठेवावा, म्हणजे प्रश्नच मिटेल. हे त्यांनी रागाने सांगितले नव्हते. स्वच्छतेचा एक उपाय म्हणून सुचवले होते. आमच्या जिल्ह्यात बंजारा समाजाचे तांडे ठिकठिकाणी आहेत, मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे त्यांचे मोठे श्रद्धास्थान. तांड्यावरच्या मुली कॉलेजला येतात, पार्लरलाही येतात. त्या उन्हाळ्यात ‘आपल्या पूर्वजांचे सोवळे किती शास्त्रीय होते’ अशा मजकुराचे संदेश मोबाइलवर फिरत होते. अंतर राखा, शिवू नका, घरात येताच अंघोळ करा, ही आरोग्याची वाक्ये जुन्या विटाळाच्या वाक्यांसारखीच ऐकू येत होती, आणि कित्येकांना तो सारखेपणा सोयीचा वाटत होता.

तिने वेगळा संच ठेवायला नकार दिला. तो नकार कोणत्याही चळवळीच्या भाषेत नव्हता. मला तिने सांगितलेले कारण तिच्या धंद्यातील होते. “दोन डबे झाले, मॅडम, की मानूस डबे सांभायते, धुत नाही. हा डबा त्यायचा, हा आपला, झालं. मंग धुयाचं कायले?”

मी या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. सोवळे आणि स्वच्छता यांतील भेद समाजशास्त्राच्या ग्रंथांतून मी वाचला होता. मेरी डग्लस यांचे ‘प्युरिटी अँड डेंजर’ हे १९६६ चे पुस्तक आपल्या विद्यापीठांत अनेकांनी वाचलेले असते. परंतु पार्लरवालीचे वाक्य भेदाच्या मुळाशी अधिक जवळून जाते. वेगळेपणाने शुद्धी राखायची ठरवली, की धुण्याचे कारण उरत नाही. धुण्याने राखायची ठरवली, की वेगळेपणाचे कारण उरत नाही. सोवळ्याचा हिशेब माणसाच्या जन्मापाशी थांबतो. धुण्याचा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो, आणि त्यात सगळ्या जणी सारख्याच शंकास्पद असतात, वजनदार घरच्या बाईसुद्धा. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइसने डॉक्टरांना शवविच्छेदनानंतर क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले तेव्हा मृत्यू झपाट्याने घटले, तरीही वैद्यकविश्वाने त्याला दीर्घकाळ मान दिला नाही. प्रतिष्ठित हातही धुवावे लागतात, हे मानणे युरोपलाही जड गेले होते.

महाराष्ट्रात तर केसांना हात लावण्याचा इतिहास या प्रश्नाने भरलेला आहे. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांची सभा झाली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे तिने ठरवले. वस्तरा धरणाऱ्या हातांनी धर्माच्या नावाने चाललेल्या एका क्रौर्यातून आपले अंग काढून घेतले. याच्या उलट बाजूही तितकीच खरी आहे. दलितांचे केस कापायला नकार देण्याची रूढी गावोगावी होती आणि कोठे कोठे ती फार उशिरापर्यंत टिकली. म्हणूनच २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत भेदभावाला मनाई करणाऱ्या अनुच्छेदावर चर्चा झाली तेव्हा ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ काय असा प्रश्न निघाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की सेवा मागायला जो येईल त्याला सेवा देण्यास मालक जिथे बसला आहे ते दुकान, आणि न्हाव्याची जागाही त्यात येते. पुढे १९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यात, जो आज नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो, ‘दुकान’ शब्दाच्या व्याख्येत केशकर्तनालयाचा उल्लेख नाव घेऊन करावा लागला. एखाद्या देशाला आपल्या कायद्यात ‘न्हाव्याचे दुकान हेही दुकानच’ असे लिहावे लागते, तेव्हा त्या एका ओळीमागे किती दारे मिटलेली असतील याची कल्पना भाषेच्या विद्यार्थ्याला तरी करता यावी.

मात्र या कथेला साधी, गोड बाजूच आहे असे नाही. धुण्याला पैसे लागतात. हातमोजे, कागदी चादरी, अल्कोहोल, कुकरचा गॅस हे सगळे दर खेपेला खर्च होणारे. जुलैमध्ये शेजारच्या पार्लरांनी थ्रेडिंगचा दर वीस रुपयांवरून तीस केला. तिनेही केला, आणि तांड्यावरच्या मुलींचे येणे निम्म्यावर आले. जातीने जे दार मिटवता आले नाही ते दहा रुपयांनी अर्धे लोटले. महिनाभराने तिने थ्रेडिंग पुन्हा वीसवर आणले आणि नवरीच्या मेकअपच्या दरात तो खर्च घातला. दिवाळीनंतर लग्ने सुरू झाली तेव्हा तो तिला निघाला. स्वच्छतेचे नियम लिहिणारे तिची किंमत कोणी भरायची हे बहुधा लिहीत नाहीत. ते छोट्या दुकानदाराच्या वहीत, खाडाखोड करीत ठरते.

पाहणीला दोघे जण आले. त्यांनी पाटी पाहिली, नावांची वही पाहिली, हातमोजे आणि ॲप्रन पाहिले, दारातील सॅनिटायझर स्वतःच्या हातावर घेतला, पाटीचा फोटो काढला आणि पाचेक मिनिटांत ते पुढच्या दुकानाकडे गेले. त्यांच्यापुढे पूर्ण बाजार होता. कुकर तिने आपणहून उघडून दाखवला. तो काय म्हणून आहे ते त्यांना सांगावे लागले. वजनदार घरच्या बाई त्यानंतर आल्या नाहीत. त्यांच्या ओळखीच्या दोघी मात्र येत राहिल्या, आणि त्यांनी संचाचा विषय काढला नाही.

राज्यातील कोरोनाचे निर्बंध १ एप्रिल २०२२ पासून उठले. त्या अटी आता कोणी तपासत नाही. दोरा अजून गळ्याभोवती असतो, दातांत नसतो. आणि कुकर चढतो. पाहणी संपल्यावर जे उरते तीच खरी तयारी, असे म्हणता येईल. मला मात्र त्याहून वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. वत्सगुल्माच्या कथेतील वधू देशोदेशी गेली आणि तेथील सगळ्या स्त्रियांनी तिचा वेष घेतला. त्यांची कुळे राजशेखराने विचारलेली नाहीत. नटणे ही एकीकडून दुसरीकडे जाणारी गोष्ट आहे. ती जाताना हात लागतात, फणी लागते, केसांत बोटे जातात. त्या स्पर्शाला भिऊन डबे वेगळे करायचे, की प्रत्येकीनंतर हात धुऊन पुढचीला ‘बस’ म्हणायचे, एवढाच प्रश्न आहे. यंदा ‘काव्यमीमांसे’चा तो भाग शिकवून झाल्यावर मुलांना मी सैरंध्रीच्या अटी वाचायला दिल्या, आणि त्यांच्याशेजारी फळ्यावर त्या पाटीची पहिली ओळ लिहिली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने ‘प्रत्येकीनंतर’ची फोड करून दाखवली. ती व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर होती. अर्थाची चर्चा तास संपून गेल्यावरही चालू होती.